शिबला-पार्डीच्या दगडी खांबांना

खांबांनो,



२०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामासाठी जमीन खोदली गेली आणि तुम्ही उघडे पडलात. एकाला एक खेटलेले, कडा धरून घडवल्यासारखे. पाहणाऱ्याला आधी जुन्या देवळाची आठवण व्हावी असाच तुमचा घाट. आपल्याकडे ते साहजिकही आहे. यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला हेमाडपंती देऊळ आहे, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं, आणि त्याचा दगडही तुमच्याच जातीचा, काळा. पण तुमच्यावर कुणाची छिन्नी पडलेली नव्हती. चंद्रपूरचे भूशास्त्राचे अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी सांगितलं, की हे बेसाल्टचे नैसर्गिक स्तंभ आहेत, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. वर्तमानपत्रांत बातमी आली, मोबाइलवर फोटो फिरले, आणि मग पऱ्हाटीच्या डवरणी-निंदणीत लोक आपापल्या कामाला लागले.

मी याच जिल्ह्यात वाढलो. ज्वालामुखी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर जपानचा फुजी किंवा इटलीचा व्हेसुव्हियस यायचा, पुस्तकातल्या चित्रातला, टोकाला धूर सोडणारा. आपण ज्या बांधावर बसून भाकर खातो तो बांधच ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात ‘दख्खनचे पठार हे बेसाल्ट खडकाचे बनलेले आहे’ असं एक वाक्य होतं, ते पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या वाक्याचा आपल्या विहिरीशी काही संबंध आहे असं कधी वाटलं नाही. तुमचा फोटो पाहिला तेव्हा तो संबंध लागला. म्हणून हे पत्र तुम्हांला.

तुमच्याविषयी ज्यांना सांगावं त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग तो ज्वालामुखी कुठं होता? डोंगर दाखवा, तोंड दाखवा. त्यांना लोणारचं सरोवर आठवतं. बुलढाणा जिल्ह्यातला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा ज्वालामुखीचंच मुख असेल, असं पूर्वी जाणकारांनाही वाटत होतं. पण तो उल्केच्या आघाताने झालेला आहे, हे गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तिथल्या दगडांच्या तपासणीतून पक्कं झालं. तुमच्यावर, म्हणजे तुमच्या भाऊबंदांवर, आकाशातून येऊन आदळलेला तो घाव आहे. तुमचा जन्म त्याच्या फार आधीचा.

तुम्हांला जन्म देणारा ज्वालामुखी एका शिखराचा नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून लाव्हा वर आला. धुळे-नंदुरबारकडे, तापी-नर्मदेच्या पट्ट्यात, तसंच नाशिक-पुण्याच्या बाजूला त्या भेगा आजही दिसतात. त्यांत गोठून राहिलेला रस भिंतीसारखा उभा आहे. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. माणसांच्या हयातीत असं काही घडलं ते आइसलँडमध्ये. १७८३ च्या जूनमध्ये तिथं लाकी नावाच्या जागी सुमारे २७ किलोमीटरची भेग फुटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला, एकूण सुमारे १५ घनकिलोमीटर. त्यातून निघालेल्या वायूंनी गवत विषारी झालं, निम्म्याहून अधिक जनावरं मेली, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातली साधारण एक-पंचमांश माणसं गेली. आपल्याकडच्या उद्रेकांपुढे लाकी लहान आहे. दख्खनच्या एकेका मोठ्या प्रवाहात हजार घनकिलोमीटरहून अधिक लाव्हा असावा असे अंदाज आहेत, आणि असे प्रवाह एकावर एक किती साचले ते सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्यांतून मोजता येतं. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर म्हणजे अशाच थरांची चळत आहे.

आज या लाव्हाने व्यापलेला प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. महाराष्ट्राची चार-पंचमांश जमीन त्यात येते. मुळात तो याहून बराच मोठा असणार. झिजून, वाहून, समुद्रात बुडून जे उरलं ते हे. काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं अलीकडची काळमापनं सांगतात. तेव्हा भारत इथं नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, उत्तरेकडे सरकत होता, आणि सरकता सरकता पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून जात होता. ती जागा अजून थंड झालेली नाही. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे, तिथला पिटॉन द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. तुमची आई म्हणावी तर ती तिथं आहे, हजारो किलोमीटर दूर, आणि आपण तिच्यापासून निघून इथवर आलो आहोत.

मग पश्चिमेकडे फुटलेला लाव्हा यवतमाळपर्यंत आला कसा? माझ्या मनात बरीच वर्षं पुराचं चित्र होतं: लालभडक लोंढा, सगळं गिळत सुसाट निघालेला. तसं फार थोड्या वेळा होतं. बेसाल्टचा रस बाहेर पडतो तेव्हा त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश असतं आणि तो पातळ असतो. हवेला लागताच त्याच्यावर साय धरते, ती टणक होते, आणि आतला रस त्या कवचाखाली उष्णता राखून पुढे सरकत राहतो. मागून नवा रस येत राहिला की कवच वर उचललं जातं, प्रवाह फुगतो, पुढून फुटतो, पुन्हा साय, पुन्हा फुगणं. असा तो सावकाश शेकडो किलोमीटर जातो. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ बेसाल्टचे थर आहेत. ते दख्खनच्याच प्रवाहांचे, जुन्या नदीखोऱ्यांतून समुद्रापर्यंत पोचलेले, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या वाटेवर तुमचा पट्टा येतो. इथं लाव्हा अंगावर उसळून आला नसेल. दिवसेंदिवस, हातहात पुढे सरकत आला असेल, आणि त्याच्यापुढे ओढे, झाडं, तळी एकेक करून गडप झाली असतील.

खांबांनो, आता तुमच्या घडणीविषयी. लोकांना सर्वांत जास्त कुतूहल त्याचंच, आणि मलाही.

प्रवाह एखाद्या सखल जागी साचला, खोल आणि स्थिर, की त्याची उष्णता वरून हवेत आणि खालून जमिनीत जाऊ लागते. घट्ट झालेला दगड थंड होताना आक्रसतो. आक्रसायला जागा हवी, ती नसते, म्हणून तो फाटतो. वैशाखात आपल्या काळ्या शेतात पाणी आटल्यावर जमीन जशी भेगाळते, पाच-सहा कोनांची ढेकळं करून, तसंच. फरक हा की शेतातली भेग दोन-चार हात खोल जाऊन थांबते. लाव्हातली भेग थंडावा जसजसा आत शिरतो तसतशी टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाते, वर सुरू झालेला आकार तसाच ओढत. खालूनही तशीच एक फळी वर चढत येते. सर्वांत कमी फाटून सर्वांत जास्त ताण मोकळा करायचा असेल तर तीन भेगा एका बिंदूपाशी सारख्या कोनात भेटाव्या लागतात. म्हणून षट्कोनाकडे कल. कुठं पंचकोन, कुठं सप्तकोन, कारण दगड सगळीकडे एकसारखा थंड होत नाही. ब्रिटनमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी आइसलँडच्या बेसाल्टवर प्रयोग करून २०१८ मध्ये दाखवलं, की या भेगा साधारण ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान पडतात. म्हणजे तुम्ही एकमेकांपासून वेगळे झालात तेव्हा दगड झालेले होतात, पण अजून भट्टीतल्या लोखंडासारखे लाल होतात.

तुमच्याकडे पाहून आणखी बरंच वाचता येतं. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. सरळ उभे खांब सांगतात की रस सपाट पसरून साचला होता. कललेले खांब उतार किंवा दरीची बाजू दाखवतात. जाड खांब म्हणजे सावकाश निवलेला लाव्हा, बारीक म्हणजे घाईने. पाणी शिरलं असेल तर वरच्या भागात खांब वेडेवाकडे, पंख्यासारखे होतात. हे सगळं तुम्ही जागेवर उभे असाल तरच कळतं. तुमच्यातला एखादा उपटून एखाद्या कार्यालयाच्या आवारात शोभेला नेऊन ठेवला तर तो देखणा दगड राहील, पण त्याला विचारावं असं काही उरणार नाही. तुम्हांला हलवू नये असं मी म्हणतो त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण तुमची जागा. पश्चिम घाटात लाव्हाच्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी होत येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली फार जुना खडक लागला. आणखी पूर्वेला, यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, ही चादर इतकी विरळ होते की तिच्या फाटक्या कडेखालून जुनी जमीन वर डोकावते. वणीच्या कोळशाच्या खाणी ही ती जुनी जमीन. पंचवीस कोटी वर्षांहून आधी, गोंडवन खंडातल्या दलदलीच्या जंगलांचा तो कोळसा. राजूरचा चुनखडक, मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याला लागणारा चुनखडक त्याहून कितीतरी जुना, पैनगंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्री खडकांतला. त्या काळी जमिनीवर झाडच नव्हतं. एसटीने वणीहून यवतमाळला जाणारा माणूस अर्ध्या दिवसात समुद्राच्या तळावरून, कोळशाच्या जंगलातून आणि लाव्हाच्या काठावरून प्रवास करतो. असा जिल्हा महाराष्ट्रात दुसरा सहज सापडणार नाही. आमच्या पोरांना मात्र तो फक्त मागास म्हणून माहीत आहे.

तुमच्या आधी इथं काय होतं त्याची कथा वर्धा नदीपलीकडे आहे. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात डायनासोरची हाडं आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. ते थर लाव्हा येण्याच्या सुमाराचे. २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांनी त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण दाखवले, त्यांत आपल्या धानाच्या दूरच्या नातलगांसारखे कणही होते. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं की नाही याचीच शंका होती. वरोरा आणि झरी यांच्यामध्ये अंतर ते किती! त्या लांब मानेच्या प्राण्यांना नदी अडवत नव्हती. आजची वर्धा तेव्हा वाहतच नव्हती. ते तुमच्याही जागेवर चरले असतील.

पिसदुऱ्याच्या आणि नागपूरच्या जीवाश्मांची पहिली ओळख जगाला करून देणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि धर्मप्रसाराच्या कामासोबत दगड गोळा करत राहिले. नागपूरच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या शंखांचे, वनस्पतींचे अवशेष मिळाले, आणि रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी त्यावर लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. त्या मधल्या थरांचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. एक प्रवाह निवला, त्यावर माती झाली, तळं साचलं, गोगलगायी आल्या, झाडं उगवली, आणि मग पुन्हा लाव्हा आला. दोन उद्रेकांच्या मध्ये हजारो वर्षं शांततेची जात. विहीर खोदताना काळ्या दगडाखाली मध्येच तांबड्या मातीचा पट्टा लागतो, तो बहुधा अशाच एका मधल्या काळाची जमीन असतो. खोदणाऱ्याला तो माहीत असतो. तो काय आहे हे त्याला सांगणारं कुणी भेटत नाही.

डायनासोर संपले ते तुमच्यामुळे का, हा प्रश्नही तुम्हांला विचारला जातो. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चिक्शुलूबला त्याच सुमाराला प्रचंड लघुग्रह आदळला, आणि त्या संहारात त्याचा हात मोठा होता याबद्दल आता फारसं दुमत नाही. दख्खनच्या वायूंनी हवामान आधीच किती बिघडवलं होतं, आघातानंतर उद्रेक वाढले का, यावर वाद चालू आहे. २०१९ मध्ये एकाच अंकात छापलेल्या दोन काळमापनांचे निष्कर्षही पूर्ण जुळले नव्हते. या वादाची उत्तरं शोधायला जगभरातले लोक महाराष्ट्रात येतात, घाटातले दगड फोडून नमुने नेतात. ते बरोबरच करतात. आपल्या विद्यापीठांतल्या पोरांनीही त्यात असावं, आणि त्यांनी फक्त घाटात जाऊ नये, आपल्या या पूर्वेच्या कडेलाही यावं.

एक शंका आमच्या भागात नेहमी निघते, तिचं उत्तर इथंच देतो. पैनगंगेच्या काठी उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, मग खाली अजून आग आहे का? नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. तुमचा ज्वालामुखी कायमचा विझला आहे. पांढरकवड्याच्या किंवा पुसदच्या माणसाला त्याची भीती बाळगायचं कारण नाही.

तुमच्यापासून आम्हांला काय मिळालं ते लिहायला बसलो तर आमचं सगळं जगणंच लिहावं लागेल. तुमच्या जातीचा दगड ऊन-पावसात कुजला की आधी मुरूम होतो, मग माती. बेसाल्टमध्ये लोह, मॅग्नेशियम, चुना भरपूर. त्याची माती काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात फाटणारी. कापूस तिच्यावर पोसला, आणि कापसासाठी यवतमाळहून मूर्तिजापूरला ‘शकुंतला’ नावाची अरुंद रुळांची गाडी धावू लागली. पाटा, वरवंटा, जातं, उखळ, सगळं तुमचं. वडार आणि पाथरवट माणसांनी आयुष्यभर तुमच्याशी झुंज घेऊन आमची घरं, विहिरी, घाट बांधले. दगडाची शीर कुठं आहे, तो कुठल्या अंगाने फुटेल, हे त्यांना हाताला कळतं. त्यांचं ते ज्ञान कुणी लिहून घेतलेलं नाही आणि ते आता लवकर संपतं आहे. यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवर सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी खाली पडते. पावसाळ्यात तिथं उभं राहिलं की या दगडाची ताकद आणि पाण्याची चिकाटी दोन्ही दिसतात.

पण तुम्ही सगळ्यांना सारखं दिलं नाही. खोऱ्यात भारी जमीन, माथ्यावर बरड. बरडावर हातभर मातीखाली तुमचा दगड लागतो आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की पीक मान टाकतं. या जिल्ह्याचं नाव देशात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी घेतलं गेलं, ते घेताना भाव, कर्ज, बियाणं यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. खडकाची चर्चा फार कमी झाली. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी साठत नाही. ते वरच्या कुजलेल्या थरात, भेगांत, आणि प्रवाहांच्या फोफशा, छिद्रांच्या थरांत साठतं. एका शेतात विहिरीला पाणी आणि बांधापलीकडे कोरडं, हे नशीब म्हणून सांगितलं जातं. ती थरांची रचना आहे, आणि ती तपासता येते. तरी नारळ फिरवून बोअरची जागा ठरते, दोनशे-तीनशे फूट कोरडा दगड भरडला जातो, आणि कर्जात भर पडते. गावागावाचा खडकाचा नकाशा शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तर त्यातलं थोडं तरी टळेल. झरी-केळापूर भागात पाण्यातल्या फ्लोराईडने माणसांचे दात आणि हाडं खराब होतात, तेही खडकातून पाण्यात उतरलेलं आहे. खडक न ओळखता या भागाचं पाणी सुधारणार नाही.

आता तुमच्या जिवाविषयी.

आज तुमच्या जातीची किंमत ब्रासने होते. नागपूर-तुळजापूर महामार्ग तुमच्याच गिट्टीवर झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेच्या रुळांखाली तुम्हीच आहात. तिचा वर्धा-कळंब टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि पुढचं काम चालू आहे. रस्ते हवेत, रेल्वे तर कधीची हवी होती. गिट्टी खदानीत राबणाऱ्या माणसाची चूल त्यावर पेटते, त्याच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. साधा बेसाल्ट जिल्ह्यात पुरून उरेल इतका आहे. तुमच्यासारखे रेखीव उभे खांब मात्र मोजक्याच जागी उघडे आहेत, आणि क्रशरला दोन्हींतला फरक कळत नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे २०० फूट उंच, उभ्या खांबांचा सुळका. आजूबाजूचा डोंगर खाणींनी खाल्ला, सभोवती इमारती झाल्या, आणि महापालिकेने त्याला वारशाचा दर्जा दिला तो २००७ मध्ये, फार थोडं उरल्यावर. कर्नाटकात उडुपीजवळ सेंट मेरी बेटांवरचे खांब राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहेत; ते तुमच्याहून जुने आणि वेगळ्या लाव्हाचे. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यात बांदिवड्यालाही असे खांब आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये ‘जायंट्स कॉजवे’वर सुमारे चाळीस हजार खांब आहेत. तिथल्या लोककथेत एका राक्षसाने ते समुद्रातून वाट म्हणून रचले, आणि १९८६ पासून ते जागतिक वारसा आहेत. तिथं राक्षसाची गोष्टही सांगतात आणि लाव्हाचीही. तसंच इथं व्हावं. कुणी तुम्हांला शेंदूर लावला, नारळ फोडला, तर मला त्यात वावगं वाटणार नाही. या भागातल्या कोलाम-गोंड माणसांनी दगडात देव पाहिला म्हणून कितीतरी टेकड्या, कितीतरी झाडं टिकली. फक्त शेजारी एक फलक असावा, तुमचं खरं वय सांगणारा.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनचे थर युनेस्कोच्या भारताच्या संभाव्य यादीत आले. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण लाव्हा महाबळेश्वरला संपत नाही. त्याची एक कड आमच्याकडे आहे, तिथं तो जुन्या जमिनीवर चढताना दिसतो, आणि ती गोष्ट घाटात पाहायला मिळत नाही. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. त्याची वाट पाहत बसायची गरज नाही. ग्रामसभा आजच ठराव करू शकते. तालुक्यातल्या अनुसूचित गावांत तर पेसा कायद्याने गौण खनिजाच्या बाबतीत ग्रामसभेच्या शिफारशीला वजन दिलेलं आहे.

म्हणून या पत्राच्या शेवटी तुमच्याकडून वळून माणसांशी बोलतो. जिल्हाधिकाऱ्यांना विनंती, की शिबला-पार्डीच्या खांबांभोवती साधं कुंपण आणि मराठी फलक करावा, आणि त्या परिसरात खोदकामाला परवानगी देण्याआधी भूशास्त्रज्ञाची पाहणी सक्तीची करावी. बांधकाम खात्याच्या अभियंत्यांना विनंती, की रस्त्याच्या कामाच्या करारात अशा सापडलेल्या गोष्टींसाठी काम थांबवण्याचं एक कलम घालावं. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवड्याच्या शाळांनी सहल लांब नेण्याआधी एकदा इथं आणावी. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, विहीर किंवा शेततळं खोदताना कोनांचे उभे दगड, शंख, दगड झालेलं लाकूड किंवा हाड लागलं, तर ते उपटू नका. मशीन बाजूला घ्या, जागेवरच फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा भूगोल विभागाला, नाहीतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या कार्यालयाला कळवा.

आपला,
यवतमाळ जिल्ह्याचा एक रहिवासी